शब्द आठवत नाही? अक्षर धरून शोधा!

'अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही' हे वाक्य साठी ओलांडलेल्या मंडळींच्या तोंडून नेहमी ऐकू येते. ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी सुचत नाही आणि मनात शंकेची पाल चुकचुकते, 'ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे?' बहुतेक वेळा तसे नसते. वयाबरोबर शब्द सापडायला थोडा वेळ लागतो, पण तो सापडतो. हे शोधण्याचे काम कसे चालते आणि शब्दांचे खेळ त्यात किती मदत करतात, ते आज पाहू.

अक्षर धरून शोधणे आपल्याला नवे नाही. एस.टी.च्या प्रवासात भेंड्या लावताना समोरच्यावर 'ळ' किंवा 'ण' आणून त्याची कोंडी करण्याची गंमत बहुतेकांनी घेतली आहे. राज्यात २००० सालापासून मुले पहिलीपासून इंग्रजी शिकू लागली. त्यामुळे आता सातारा-सांगलीकडच्या घरांतही आजोबा आणि नात स्क्रॅबलचा पट मांडून बसलेले दिसतात, किंवा मोबाईलवर पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखत असतात.

हा खेळ मेंदूला अवघड का जातो? वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश अकारविल्हे रचलेला आहे. पाने उलटत गेले की हवी ती नोंद सापडते. डोक्यातील शब्द मात्र असे ओळीने लावलेले नसतात. ते मुख्यतः अर्थाने आणि उच्चाराने एकमेकांशी जोडलेले असतात. चहा म्हटले की साखर, आले, कपबशी लगेच आठवते. पण 'एफ'पासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटले, की नेहमीची वाट सोडून शोध घ्यावा लागतो, नको ते शब्द बाजूला सारावे लागतात आणि सांगितलेले लक्षात ठेवावे लागतात. हे काम प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाचे आहे.

म्हणूनच डॉक्टर तपासणीत याचा उपयोग करतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत, तिच्या इंग्रजी रूपात, एका मिनिटात 'एफ'ने सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. ११ किंवा अधिक शब्द आले तर गुण मिळतो. माणसांची व गावांची नावे चालत नाहीत. शिक्षण कमी असेल किंवा इंग्रजीचा सराव नसेल तर ही चाचणी अन्यायकारक ठरते. अशा व्यक्तीला प्राण्यांची नावे विचारतात. मात्र घरी घड्याळ लावून स्वतःचे निदान करू नये.

शब्दाच्या मधले अक्षर धरून शोधणे तर आणखी कठीण. १९७३ साली टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १५२ जणांना 'के', 'एल', 'एन', 'आर' आणि 'व्ही' ही अक्षरे इंग्रजी शब्दांत सुरुवातीला जास्त येतात की तिसऱ्या जागी, असे विचारले. त्यांपैकी १०५ जणांनी बहुतेक अक्षरांसाठी 'सुरुवातीला' असे उत्तर दिले. वस्तुस्थिती उलट होती. 'किंग' चटकन आठवतो. पण मेक, टेक, लाईक, बाईक या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये तिसऱ्या जागी 'के' आहे, हे सहज ध्यानात येत नाही.

खेळताना काही युक्त्या उपयोगी पडतात. हातातील अक्षरे सरळ ओळीत न ठेवता गोलाकार मांडावीत. 'आय-एन-जी', 'ई-डी', 'ई-आर' असे शेवट आधी जुळवून पाहावेत. 'एस-एच', 'सी-एच', 'टी-एच' या जोड्या शोधाव्यात. 'क्यू' आला तर 'यू' जवळ ठेवावा. इंग्रजीत सर्वांत जास्त वापर 'ई'चा होतो, हे विसरू नये. पाच मिनिटे स्वतः झटावे, मगच शब्दकोश उघडावा. मोबाईलला अक्षरे दिली की तो शब्दांची यादी क्षणात देतो, पण मग व्यायाम मोबाईलचा होतो, आपला नव्हे!

याचा लाभ किती? अमेरिकेतील एका अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांपैकी काहींना संगणकावर शब्दकोडी आणि काहींना बुद्धीचे इतर खेळ दिले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती थोडी बरी होती. पण काहीच न खेळणारा गट त्यात नव्हता. त्यामुळे कोड्यांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे म्हणता येत नाही. खेळ म्हणजे औषध नव्हे. रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, तंबाखू सोडणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि माणसांत मिसळणे हे अधिक महत्त्वाचे. म्हणून कोडे एकट्याने सोडवण्यापेक्षा नातवंडांबरोबर सोडवावे. मराठी भेंड्याही तितक्याच चांगल्या.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे : रोजच्या वस्तूंची नावेच न आठवणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपाय असतो.

आणि एक गोष्ट घरातील सर्वांनी पक्की लक्षात ठेवावी. बोलता बोलता अचानक शब्द फुटेनासे झाले, बोलणे असंबद्ध झाले, तोंड वाकडे झाले किंवा एका हातातील शक्ती गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. 'थोडे पडून राहू, बरे वाटेल' म्हणून थांबू नये. त्या क्षणीची वेळ टिपून ठेवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तपासणीलाही वेळ लागतो. खेळात हरवलेला शब्द उद्या सापडला तरी चालेल, येथे मात्र एक-एक मिनिट मोलाचे असते.