खड्याचा पत्ता

अंगठीत बसवतात तोही खडा आणि तांदूळ निवडताना सुपाबाहेर जातो तोही खडा. मराठीने दोघांना एकच नाव दिले. त्यांच्यात अंतर पाडले ते बाजाराने. माळेगाव बुद्रुकच्या शिवारात किंवा एकूणच बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात रत्ने सापडतील का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा अंगठीतलाच खडा असतो. त्याला आधीच सांगून टाकलेले बरे की हिरा, माणिक, पाचू इथे मिळणार नाहीत. हिरा जमिनीखाली दीडशेहून अधिक किलोमीटर खोलीवर घडतो आणि काही मोजक्या जातींच्या खडकांतूनच वर येतो. असा खडक मध्य प्रदेशात पन्ना भागात आहे, आपल्याकडे नाही. माणिक-पाचूंनाही आपला काळा कातळ मानवत नाही. पण या कातळाची स्वतःची खनिजसंपत्ती आहे आणि ती जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने मांडलेली आहे. ती शोधायला खोदावे लागत नाही, कारण नदीने आणि विहीर खणणाऱ्यांनी ते काम आधीच करून ठेवले आहे. आपण फक्त पाहायला शिकायचे, आणि जे उचलू ते नेमके कुठे मिळाले हे लिहून ठेवायचे. यातली दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थर थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकला आणि थराच्या माथ्याजवळ अडकून पडला. म्हणून थराचा गाभा घट्ट राहिला आणि माथा पावासारखा जाळीदार झाला. विहीर खणणाऱ्यांना हा फरक पुस्तकाशिवाय ठाऊक असतो: घट्ट तो काळा पाषाण, सच्छिद्र आणि पांढऱ्या ठिपक्यांचा तो मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन, झिजून त्याची माती होईपर्यंत पुढचा लाव्हा आला नव्हता, हे तो पट्टा सांगतो. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने बेसाल्टमधली, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या या काळ्या खडकातली, सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवून त्या पोकळ्यांत आणून सोडले. निव्वळ सिलिका साचली तिथे कॅल्सेडोनी, पट्टेदार अकीक किंवा स्फटिक तयार झाले. ॲल्युमिनियम आणि पाणीही सोबत बांधले गेले तिथे झिओलाइट कुळातली खनिजे उगवली. उगवली हाच शब्द योग्य आहे, कारण पोकळीच्या भिंतीपासून आतल्या मोकळ्या जागेकडे स्फटिक खरोखरच वाढत जातात. पोकळी मोठी असेल तर त्यांना टोके काढायला जागा मिळते. लहान असेल तर ती ठासून भरते आणि आपल्याला नुसता पांढरा ठिपका दिसतो.

कुठे काय मिळेल याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो. कॅल्सेडोनी कठीण असते, तिच्यावर पोलादी चाकूनेही ओरखडा उमटत नाही. बाहेरचा बेसाल्ट झिजून मुरूम आणि शेवटी काळी माती झाला तरी ही गारगोटी मागे उरते आणि पुरात मैलोगणती घरंगळूनही टिकते. झिओलाइट मऊ आणि ठिसूळ. नदीत ते काही काळातच भुगा होऊन जाते. म्हणून गारगोटी शोधायची ती नीरा-कऱ्हेच्या पात्रातल्या गोट्यांत, आणि झिओलाइट पाहायचे ते नुकत्या फुटलेल्या खडकात. माळेगावच्या परिसरात नीरा डाव्या कालव्याखालची जमीन काळी आणि खोल आहे. उसाच्या फडात दगड शोधणे व्यर्थ. पण गावाच्या नावातच माळ आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे माती पातळ होऊन मुरूम उघडा पडतो, तिथे पावसाने धुतलेल्या पांढऱ्या गारा लांबूनही चमकतात. याहून सोपी जागा म्हणजे यारीने वर काढलेला विहिरीचा ढिगारा. जमिनीखालचे तीस-चाळीस फूट तिथे उलट्या क्रमाने रचलेले असतात: मुरूम तळाशी, पाषाण वर. एखादा पावसाळा गेला की धूळ धुऊन निघते आणि दगडांच्या ताज्या तुटलेल्या बाजू उन्हात लकाकू लागतात. शेततळ्याचे बांध, रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीची बाजू, घराच्या बांधकामावर नदीची वाळू चाळल्यावर चाळणीत राहिलेले गोटे, या सगळ्या जागा नवशिक्यासाठी दगडखाणीपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या दगडाचे टोक जुन्या बाटलीच्या काचेवर घासावे. काचेवर चरा उमटला तर ती गारगोटी, म्हणजे कॅल्सेडोनी किंवा स्फटिक. ती उन्हाकडे धरली की कडेने मेणासारखा उजेड झिरपतो. चरा उमटला नाही तर दगडावर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट किंवा काळ्या मातीतली चुनखडी. दोन्ही कसोट्यांना तो उत्तर देत नसेल आणि मोत्यासारखी झाक दाखवत असेल, तर झिओलाइट असण्याचा संभव मोठा. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात, स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूतून फुटतात. ॲपोफायलाइट नेमके या कुळातले नसले तरी त्यांच्याच पोकळीत राहते आणि त्याचे चौकोनी स्फटिक आरशासारखे चमकतात. झिओलाइट या नावाचा ग्रीकमधला अर्थ उकळणारा दगड. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी 1756 मध्ये हे नाव दिले, कारण तापवल्यावर त्यातले पाणी फसफसून बाहेर येत होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: या गारांना विचारतो कोण? इतिहासात पाहिले तर फार जणांनी विचारले आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातले हे शेतकऱ्यांचे गाव. तांबे दुर्मीळ असल्याने तिथल्या लोकांनी रोजच्या वापराची पाती कॅल्सेडोनीची काढली होती, इतकी सफाईदार की आज ती हातात धरताना बोट जपावे लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे सातवाहन काळातले अकीकाचे मणी सापडले आहेत. खंबातचे कारागीर आजही अकीक भट्टीत भाजून त्यातल्या लोहाला लाल रंग आणतात, आणि त्यांचा कच्चा माल मुळात याच दख्खनी लाव्हातून सुटलेला असतो. झिओलाइटचे म्हणाल तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेल्या निळ्याशार कॅव्हान्साइटने जगभरच्या संग्राहकांना वेड लावले. हे खनिज प्रथम अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये आढळले, पण त्याचे सर्वोत्तम नमुने वाघोलीचे मानतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय तर याच खनिजांसाठी उभे राहिले. ती वसाहतही योगायोगाने माळेगावचीच, नाशिक जिल्ह्यातल्या. माळेगाव बुद्रुकच्या विहिरीत वाघोलीसारखा खजिना निघेल असे यावरून म्हणता येत नाही. खडक तोच आहे, पोकळ्या तशाच आहेत, एवढेच निश्चित म्हणता येते, आणि पाहायला सुरुवात करण्यासाठी ते पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याच्याकडे डोळेझाक करणे मला पटत नाही. लोकांना दगड गोळा करायला शिकवले की उद्या ते पोकलेन घेऊन डोंगर फोडतील, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. वाळूचे काय झाले ते नीरा आणि भीमा या दोन्ही नद्यांनी पाहिले आहे. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. अकीक आणि कॅल्साइट ही खनिजे केंद्र सरकारने फेब्रुवारी 2015 मध्ये गौण खनिजांच्या यादीत घातली, आणि गौण खनिजाचे उत्खनन विनापरवाना करता येत नाही. म्हणून सीमारेषा इथेच आखावी: खोदायचे नाही, विकायचे नाही, मुठीत मावेल त्याहून जास्त न्यायचे नाही, आणि ढिगारा ज्याच्या रानात आहे त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातून तर एक खडाही हलवू नये. जिवाची काळजी वेगळीच. माळावरचा दगड उलटताना खाली फुरसे असू शकते, म्हणून हाताने नव्हे, काठीने उलटावा. कठडे नसलेल्या विहिरीच्या कडेला जाऊ नये. दगड फोडायचाच असेल तर डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गारगोटीची कपची काचेसारखी उडते. पण या भीतीपोटी पाहणेच बंद करावे, हे मला मान्य नाही. डोंगर फोडणाऱ्याला खडीचा भाव माहीत असतो, दगडाचा जन्म माहीत नसतो. ज्याला तो माहीत झाला, त्याचा हात सहसा आवरता राहतो.

आता पत्त्याची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे नेताना बोगदे आणि कापण्यांतून अप्रतिम ॲपोफायलाइट-स्टिल्बाइट निघाले आणि इंग्लंडच्या संग्रहालयांत पोचले. त्या आणि नंतरच्या काळातल्या कितीतरी नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ लिहिलेले आहे. ते पाषाण गावचे की खंडाळ्याचे, कोणत्या थरातले, आता सांगता येत नाही; दगड देखणा आहे, पण मुका झाला आहे. याउलट माळेगावच्या एखाद्या शाळेतल्या मुलाने साध्या स्टिल्बाइटच्या तुकड्यासोबत गट नंबर, विहिरीची खोली, वरचा थर पाषाण की मांजऱ्या आणि तारीख एवढे लिहून ठेवले, तर भूजलाचा अभ्यास करणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. मांजऱ्याच्या फटीत पाणी राहते का, हा याच तालुक्याचा जुना प्रश्न आहे. नदीतल्या गोट्याचा पत्ता मात्र अर्धाच मिळतो, कारण नीरेच्या पात्रात उचललेली गार भोरच्या डोंगरातूनही आलेली असू शकते. तो अर्धा पत्ताही लिहावा.

आणि एक दगड असा आहे की जो उचलूच नये. बारामती तालुक्यातल्या मोरगावला, मयूरेश्वराच्या गावी, कऱ्हेच्या काठच्या गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत आणि त्याच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख आपल्या लाव्हाची नव्हे. ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून वाऱ्याने इथवर आणली. कोणत्या उद्रेकाची, यावर मतभेद आहेत: काही संशोधक तिला सुमारे 75 हजार वर्षांची मानतात, काही सुमारे 8 लाख. हत्यारांचे वय ठरवताना हे कोडे मध्ये येते, आणि ते सुटणार असेल तर हत्यार थरात नेमके कुठे होते यावरूनच. पिशवीत घरी आलेली कुऱ्हाड त्या वादात साक्ष देऊ शकत नाही. म्हणून कऱ्हेच्या दरडीत बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी कपच्या काढलेला काळा दगड दिसला, तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, जागा लिहावी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे आणि दगड तिथेच राहू द्यावा, राखेचा थर त्याच्या वर आहे की खाली हे पाहणारे कोणी येईपर्यंत.