कर्जाच्या वहीतील गाणी

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने गाण्यांविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि 1930 च्या सुमाराची जागतिक मंदी अभ्यासताना आकड्यांच्या रकान्यांतून मला जे उमगले नाही, ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही गायकांनी उमजून दिले. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात वसतिगृहातील एका मित्राकडे जॉनी कॅशच्या गाण्यांची कॅसेट होती. त्या खर्जातील आवाजाने लावलेली गोडी वीस-बावीस वर्षांनंतरही ओसरलेली नाही.

‘कंट्री म्युझिक’ म्हटले की आपल्याकडे रुंद काठाची टोपी, उंच बूट आणि घोडा एवढेच डोळ्यांपुढे येते. हा पोशाख बव्हंशी चित्रपटांनी चढविलेला आहे. मुळात ही गाणी गुराख्यांपेक्षा कापूस वेचणाऱ्यांची, कोळसा खणणाऱ्यांची आणि आगगाडीवर राबणाऱ्यांची. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारा राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी उतरला. कार्टर कुटुंब आणि रेल्वेत काम केलेला क्षयरोगी जिमी रॉजर्स त्याला तेथे एकाच मुक्कामात गवसले. एका गाण्यास 50 डॉलर, हा भाव त्या डोंगराळ मुलखात स्वप्नवत होता. पीअरने मात्र कंपनीकडून पगार न घेता गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवण्याचा करार केला होता. व्यवहार कोणाला अधिक कळत होता, हे सांगावयास नको.

कॅशचे घराणे अशाच निर्धनांपैकी. 1935 मध्ये त्याच्या वडिलांना आर्कान्सॉमधील डायेस वसाहतीत घर आणि सुमारे 20 एकर जमीन मिळाली; अर्थात फुकट नव्हे, परतफेडीच्या बोलीवर. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’विषयी शिकविताना मी डायेसचे उदाहरण आवर्जून देतो. 1937 च्या पुराने त्या कुटुंबाला घर सोडावे लागले, आणि पुढे कॅशने त्या चढत्या पाण्यावरच गाणे रचले. सरकारी अहवालात ‘पुनर्वसन’ या एका शब्दात आटोपलेली गोष्ट तेथे एका मुलाच्या नजरेतून दिसते.

केंटकीतील खाणकामगाराचा मुलगा मर्ल ट्रॅव्हिस याचे ‘सिक्स्टीन टन्स’ 1947 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1955 मध्ये टेनेसी अर्नी फोर्डने ते लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. खाणमालक मजुरी कंपनीच्या कुपनांत देई, ती कुपने कंपनीच्याच दुकानात चालत, आणि महिनाअखेर मजूर देणेकरीच राही. एकदा वर्गात हे समजावून सांगत असता मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, ही तर उचल.” त्यानंतर त्या विषयावर मला फारसे बोलावे लागले नाही.

या सर्वांत माझा ओढा मात्र लोरेटा लिनकडे. 1932 मध्ये केंटकीतील एका खाणकामगाराच्या घरी जन्मलेली ही स्त्री वयाच्या पंधराव्या वर्षी विवाहबद्ध झाली आणि विशीच्या आसपास चार मुलांची आई होती. वडिलांच्या खाणकामाचे गाणे तिने 1970 मध्ये अभिमानाने गायिले. पण 1975 मध्ये संततिनियमनाच्या गोळीचे स्वागत करणारे गाणे तिने आणताच अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजविण्यास नकार दिला. मद्यपान आणि व्यभिचार यांची शेकडो गाणी ज्यांना खपत होती, त्यांना हे खपले नाही! 2022 मध्ये ती नव्वदाव्या वर्षी निवर्तली.

हे गोऱ्यांचे संगीत, अशी एक समजूत आहे. ती तपासून पाहावयास हवी. बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतून आला. अलाबामातील हँक विल्यम्स, ज्याच्या कातर आवाजापुढे मी आजही निरुत्तर होतो, तो गिटार आणि लोकांसमोर गाण्याची रीत शिकला ती रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीयाकडून. मोबदला म्हणून कधी चार नाणी, कधी हँकच्या आईच्या हातचे जेवण, असे सांगतात. पेन 1939 मध्ये माँटगोमेरी येथे दारिद्र्यात वारला. 1 जानेवारी 1953 रोजी हँक विल्यम्स अवघ्या 29 व्या वर्षी मोटारीच्या मागच्या आसनावर मृत्यू पावला, आणि त्याच माँटगोमेरीत त्याच्या अंत्यविधीला हजारो लोक लोटले. पेनला पुरले ती नेमकी जागा आज दाखविता येत नाही.