पेजेचं पातेलं आणि मूठभर अळसांदे

परवा पणजीत खोली घेऊन शिकणारा आमच्या मयेचा एक मुलगा भेटला. महिनाअखेर, म्हणून दोन दिवस चहा-पावावर काढलेले. ऐकून पोटात कालवलं. असे दिवस मीही काढलेत.

बाबांनो, घरची पेज विसरू नका!

गावाहून येताना उकडा तांदूळ आणा. भात उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. त्यामुळे पॉलिश केल्यावरही ते सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा जास्त शिल्लक राहतं.

पण नुसत्या पेजेवर भागत नाही, सोबत अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) हवेतच. १०० ग्रॅम सुक्या अळसांद्यांत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात लायसिन कमी, कडधान्यात भरपूर. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

माझी खोलीवरची पद्धत अशी: रात्री मूठभर अळसांदे भिजत घालायचे. सकाळी एकाच कुकरात खाली पेज, वरच्या डब्यात अळसांदे. मग कांदा, हळद, मीठ आणि असेल तर चिमूटभर खोबरं. भिजवल्यामुळे लवकर शिजतात, गॅसही वाचतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून थोडे सुके गलमो (बारीक कोळंबी) आणले, की त्यांची किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, झाली. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत आणून हवाबंद डब्यात भरले तर पावसाळाभर पुरतात. मासळी खात नसाल तर तांबडी भाजी घ्या, वर लिंबू पिळा. भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

तुमच्याकडे कुकर आहे की नुसतं पातेलं? कमेंटमध्ये सांगा, त्याप्रमाणे बेत सुचवतो.