'गोंगाट' : एका व्यवहारातील शब्दाचे अर्थ व उपयोग (नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
नको असलेल्या ध्वनीसाठी मराठीत 'गोंगाट' हा शब्द सर्रास वापरला जातो. तो इतका परिचित आहे की त्याचा अर्थ निश्चित करण्याची गरज सहसा भासत नाही. परंतु एखादा ध्वनी गोंगाट आहे हे कोण ठरवतो, असा प्रश्न उपस्थित केल्यास या शब्दातील गुंतागुंत लक्षात येते. नंदुरबारसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याचे उपयोग, कायद्यातील संज्ञेशी असलेला त्याचा फरक आणि वर्गातील त्याचा वापर यांचा विचार केला आहे.

शब्दाची घडण व उपयोग :
'गोंगाट' हा ध्वनीच्या अनुकरणातून घडलेला शब्द आहे. कलकलाट, गडगडाट, किलबिलाट या शब्दांप्रमाणे त्यातही सातत्य व आधिक्य सूचित होते. मात्र केवळ मोठा आवाज म्हणजे गोंगाट नव्हे. एकट्या भोंग्याच्या कर्कश आवाजाला सहसा गोंगाट म्हटले जात नाही; याउलट अनेक मध्यम आवाज एकमेकांत मिसळून एकही स्पष्ट ऐकू येईनासा झाला की गोंगाट होतो. अस्पष्टता हा या शब्दाचा पहिला अर्थघटक होय.

दुसरा घटक नापसंतीचा आहे. गोंगाट 'माजतो', पाखरांचा किलबिलाट माजला, असे कोणी म्हणत नाही. 'आवाज' हा फारसीतून आलेला शब्द मुळात तटस्थ असला, तरी 'आवाज करू नका' या वाक्यात तो दोष ठरतो आणि 'अन्यायाविरुद्ध आवाज उठवा' या वाक्यात कर्तव्य ठरतो. 'गोंधळ घालणे' हा प्रयोग देवीच्या उपासनेसाठी होतो, तसाच बेशिस्त वर्तनासाठीही होतो. यावरून असे दिसते की ध्वनीचे मूल्य ध्वनीपेक्षा प्रसंगावर आणि ऐकणाऱ्यावर अधिक अवलंबून असते.

जिल्ह्यातील दोन उदाहरणे :
अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळी सातपुड्यात प्रसिद्ध आहे. तेथे एकाच वेळी वाजणारे अनेक ढोल नवख्या माणसाला एकच गजर वाटू शकतात. नाचणाऱ्याची पावले मात्र त्यातील ठेक्यावरच पडतात. दुसरे उदाहरण इतिहासातील आहे. दिनांक 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबार येथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात शिरीषकुमार आणि त्याचे चार सहकारी हुतात्मा झाले. ज्या घोषणा मिरवणुकीतील मुलांसाठी स्वातंत्र्याचा उच्चार होत्या, त्या तत्कालीन सत्तेला बंद करण्याजोगा उपद्रव वाटल्या.

कायद्यातील संज्ञा :
कायदा 'गोंगाट' नव्हे, तर 'ध्वनिप्रदूषण' ही संज्ञा वापरतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी अनुक्रमे 50 व 40 डेसिबल ही मर्यादा आहे. येथे रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6 ही वेळ होय. ही मर्यादा मोजता येते आणि आरोग्याच्या दृष्टीने ती आवश्यकही आहे. रुग्णाची झोप हा मतभेदाचा विषय होऊ शकत नाही. परंतु मापक केवळ तीव्रता सांगतो. ध्वनीत अर्थ आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

वर्गातील गोंगाट :
क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये मांडलेल्या माहिती सिद्धांतात संदेशात मिसळून त्याला बाधा आणणारा घटक, अशी गोंगाटाची कल्पना आहे. अर्थात, संदेश कोणता हे ठरल्याशिवाय गोंगाट कोणता हे सांगता येत नाही. या जिल्ह्यातील विद्यार्थी भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी अशा भाषा घरातून घेऊन येतात. मागच्या बाकावर दोन विद्यार्थी पावरीत बोलत असतील, तर एक दुसऱ्याला त्याच घटकाचा अर्थ समजावून सांगत असण्याचीही शक्यता असते. ती भाषा न जाणणाऱ्या अध्यापकाला मात्र केवळ ध्वनी ऐकू येतो. न समजलेली भाषा गोंगाट ठरवण्याची ही सवय जुनी आहे. संस्कृतातील 'म्लेच्छ' शब्दाचा धातू अस्पष्ट बोलण्याचा वाचक आहे. ग्रीकांचा 'बार्बारोस' हा शब्दही परक्यांच्या बोलण्याच्या अनुकरणातूनच घडला असे मानले जाते.

वर्गातील प्रत्येक कुजबूज अभ्यासाचीच असते, असा याचा अर्थ नाही. तथापि, आपली घरची भाषा गोंगाटात जमा होते असा अनुभव वारंवार आल्यास विद्यार्थी गप्प राहणे पसंत करतो. बाहेरून ती शिस्त दिसते. प्रत्यक्षात त्याने वर्गातून अंग काढून घेतलेले असते.

निष्कर्ष :
'ध्वनिप्रदूषण' हे ध्वनीचे मोजमाप आहे, तर 'गोंगाट' हा ऐकणाऱ्याचा निर्णय आहे. पहिल्यासाठी मापक पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी काय बोलले जात आहे याची चौकशी आवश्यक आहे. 'गोंगाट करू नका' असे म्हणण्यापूर्वी अध्यापकाने 'काय बोलत आहात?' असे विचारले, तर काही वेळा त्या गोंगाटातूनच पाठाचे उत्तर हाती येऊ शकेल.