गिरणी कधी बंद पडते?

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात मुंबईच्या गिरण्यांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, संपामुळे गिरण्या बुडाल्या. दुसऱ्याचे म्हणणे, मालकांना जमिनी विकायच्या होत्या म्हणून त्यांनीच त्या बुडवल्या. दोन्ही तटांत गिरणीत राबलेली माणसे आहेत, त्यामुळे कोणालाही खोटे ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अर्थशास्त्र हा विषय घेतल्यापासून मला वाटू लागले आहे की, 'कोणी बंद पाडली' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. धंदा बंद पडतो म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे.

तोटा झाला की धंदा बंद होतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तोट्यातला धंदा कित्येक वर्षे रखडत चालू शकतो आणि नफ्यातला धंदा एखाद्या महिन्यात आडवा होऊ शकतो. गिरणीचेच उदाहरण घ्या. कापसाचे पैसे आधी मोजावे लागतात, पगार दरमहा द्यावा लागतो, विजेचे बिल थांबत नाही. आणि कापडाचे पैसे मात्र व्यापारी सवडीने देतो. मधला काळ निभावून नेणारा पैसा म्हणजे खेळते भांडवल. ते आटले की वहीत नफा दिसत असूनही टाळे लागते. गावातले किराणा दुकान उधारीने बसते, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, पण ती हळू घडते. यंत्र रोज झिजते. त्या झिजेपोटी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढायची असते. पुस्तकात तिला घसारा म्हणतात. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ते पुढच्या पेरणीचे बियाणे. बियाण्याचे दाणेही दळून खाल्ले तर ते वर्ष मोठ्या मजेत जाते! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला. तो नव्या यंत्रांत पुरेसा गेला नाही. पुष्कळ गिरण्यांत जुनेच साचे दामटले गेले.

यात सरकारचाही वाटा होता. हातमागाचे रक्षण करण्यासाठी १९५६ सालापासून गिरण्यांना माग वाढवण्यास बंदी घातली गेली. पुढे स्वस्त 'कंट्रोलचे' कापड काढण्याची सक्ती आली. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु गिरण्या जखडलेल्या असताना भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग वाढत गेले. त्यांना कर कमी, जागा साधी, कामाची पाळी लांब, आणि गिरणी कामगाराला मिळणाऱ्या सवलती तेथल्या कामगाराच्या वाट्याला क्वचितच. त्यांचे कापड स्वस्त पडणारच. (यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणाराही कोणाचा तरी मुलगाच होता, हे गिरणीची बाजू घेताना आपण विसरतो.)

तेव्हा हे लक्षात घ्यावे की आजारी गिरण्या चालवण्यासाठी १९६८ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन करावे लागले होते, आणि १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. आजार आधीचा आहे.

माझे आजोबा तेव्हा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. ते अर्थशास्त्र शिकलेले नाहीत, पण त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मला इतके स्पष्ट सापडले नाही. संपाच्या चार-पाच वर्षे आधीपासून त्यांच्या खात्यात नवा सुटा भाग येईनासा झाला होता. तीन साचे चालवायला चौथा मोडायचा आणि त्याचे भाग काढून लावायचे. "आम्हांला कळत होतं रं," ते म्हणतात, "पण पगार येत होता."

संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. शिवाय १९४६ च्या कायद्यामुळे एकाच संघटनेला मान्यता होती, तिच्याविषयीचा रागही होता. मागण्या रास्त होत्या असे माझे मत आहे. पण संपाचे बळ कशात असते? मालकाचे उत्पादन अडण्यात. येथे तर मालक भिवंडीहून कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारून विकू शकत होते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. आजोबा गावी परतले. वडिलांची शाळा सातवीत सुटली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, याचे कारण निम्मे त्या सालात आहे.

आता दुसऱ्या तटाचे म्हणणे. शंभरावर कामगार असलेला कारखाना बंद करायला त्या काळी सरकारची परवानगी लागे. त्यामुळे विजेचे बिल थकवायचे आणि वीज तुटू द्यायची, असेही प्रकार झाले. कागदावर गिरणी चालू आणि आत अंधार! १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करता येऊ लागली, पण तिचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि पहिले दोन वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेतून द्यायचे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. सरकारी मालकीच्या मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन २००५ साली ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. जुन्या साच्यांवर कापड विणून इतका पैसा किती पिढ्यांत मिळाला असता, हा हिशेब वाचकांनीच करावा.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. तेथे आता मोठे मॉल आहे. ते चालवणाऱ्या कंपनीच्या नावात 'मिल्स' हा शब्द अजून आहे. गिरणी बंद पडली. कंपनी बंद पडली नाही. शेअर होता त्याचे नाव चालू राहिले, हजेरीपटावर होता त्याचे कटले.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले आणि २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. आजोबांच्या अर्जाची पोच ट्रंकेत आहे. अर्जाबरोबर गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो. त्यांच्याकडे पगाराच्या दोन चिठ्ठ्या आणि हजेरीचे एक कार्ड निघाले.