चोरी पुण्यात, पैसे 28 देशांत

11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून चोरांनी एटीएमला परस्पर मंजुरी देणारी खोटी व्यवस्था उभी केली. बनावट कार्डे घेतलेले हस्तक ठिकठिकाणी तयारच होते. काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी, भारतातून अडीच कोटी रुपये निघाले. 13 तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. 2023 मध्ये पुण्यात 11 जण दोषी ठरले, पण ही साखळीतली खालची कडी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2019 मध्येच उत्तर कोरियाकडे बोट दाखवले होते. हिंगोलीतल्या एखाद्या साध्या खात्यातून फसवणुकीने गेलेला पैसाही असाच झपाट्याने फिरतो. फसवणूक कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.