इंडिकेटर भरभर लुकलुकतो, म्हणजे फ्लॅशर गेला?

इंडिकेटर भरभर लुकलुकायला लागला की बहुतेक जण नवा फ्लॅशर घ्यायला निघतात. खरं तर जुना आपलं काम चोख करत असतो. बऱ्याच मोटरसायकलींवर एका बाजूला १० वॅटचे दोन बल्ब असतात. १२ व्होल्टवर दोघांना मिळून साधारण पावणेदोन अँपिअर करंट लागतो. एक उडाला की तो निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर वेग वाढवून ते कळवतो. तेव्हा आधी उतरून पुढचा-मागचा दिवा बघावा.

एलईडी इंडिकेटर बसवल्यावरही असंच होतं. दिवे खराब नसतात. ते इतका कमी करंट घेतात की फ्लॅशर बल्ब उडाल्याचंच समजतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर लावला की काम झालं. रेझिस्टर जोडूनही वेग ताळ्यावर येतो, पण तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो.

बल्ब शाबूत असून दिवा मंद किंवा बंद असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा. होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासून पाहा.

तुटलेली वायर पीळ मारून टेपने गुंडाळली की झालं, हा समज मात्र फार महागात पडतो. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते, पावसाचं पाणी आत शिरतं. काही महिन्यांनी उघडलं तर तांबं काळंहिरवं पडलेलं दिसतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून काळा पडलेला भाग कापावा, त्याच जाडीचा तुकडा जोडावा, नीट क्रिम्प किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. सोल्डरलगतची वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून ती फ्रेमला बांधायलाच हवी.

आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हे कृपा करून कुणीही करू नये. फ्यूज वायरिंगला वाचवतो. तो उडेनासा झाला की वायर जळते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. त्यापेक्षा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहा. एका बाजूला नेल्यावरच फ्यूज जात असेल, तर हँडलच्या मुळाशी वायर फ्रेमवर घासून सोलली गेली असण्याचा संभव मोठा.